लीथची पेढी, स्पेकाठची भट्टी: एका कादंबरीच्या कामाची वही

6 जानेवारी 2025

काळ आज पक्का केला: सप्टेंबर 1878 ते एप्रिल 1881. जागा दोन. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला खेटून असलेलं लीथ बंदर (तेव्हा त्याची नगरपालिकाही वेगळी होती) आणि उत्तरेकडचं स्पे नदीचं खोरं. ॲग्नेस ही लीथमधल्या वाइन आयात करणाऱ्या पेढीची मालकीण, वय 36, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डंकन स्पेकाठी व्हिस्कीची एक छोटी भट्टी चालवतो, वय 41, लग्न राहून गेलेलं. ही दोघं माझी. बँक, रेल्वे, कायदे, अबकारी खातं, वादळं हे सगळं मात्र जसं घडलं तसंच ठेवायचं, त्यात हात घालायचा नाही.

दोघांची गाठ पडते ती रिकाम्या पिंपांवरून. स्पेनमधल्या हेरेसहून शेरी ओकच्या पिंपांतून लीथला यायची. वाइन उतरवून घेतली की पिंप गोदामात जागा अडवून बसायचं. भट्टीवाल्याला नेमकं तेच हवं असतं, कारण भट्टीतून निघालेली नवी व्हिस्की पाण्यासारखी स्वच्छ असते. रंग सगळा आणि चवीचा मोठा वाटा तिला लाकूड देतं. हिची अडगळ ते त्याचं भांडवल. शेरीचं मोठं पिंप 108 गॅलनचं. जपमाळेचा आकडा, त्यामुळे पाठ करावा लागला नाही.

संपादक ताईंचा फोन. त्यांना किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, हवा आहे. दिवसभर कोळसा ओढणारा माणूस किल्ट घालून भट्टीपुढे उभा राहत नाही, असं सांगितलं. "मग लग्नात तरी घालू दे गं त्याला," म्हणाल्या. बघू.

14 जानेवारी

स्पेकाठची विधवा आणि व्हिस्की म्हटलं की पहिलं नाव एलिझाबेथ कमिंगचं. तिला टाळून ही कादंबरी लिहिता येणार नाही आणि तिला नायिकाही करता येणार नाही, म्हणून तिची नोंद आधीच करून ठेवते.

भट्टीचं नाव कार्डू, तेव्हा कार्डो म्हणत. तिच्या सासऱ्यांनी, जॉन कमिंग यांनी, 1811 मध्ये ते शेत खंडानं घेतलं. सासूबाई हेलन चोरून दारू गाळायच्या. अबकारीची माणसं आली की त्यांना घरात खाऊपिऊ घालत बसवायचं आणि तेवढ्यात बाहेर लाल निशाण चढवायचं. ते बघून खोऱ्यातल्या बाकीच्या चोरट्या भट्ट्या सावध व्हायच्या, असं सांगतात. 1823 च्या कायद्यानं परवाना आणि कर दोन्ही आवाक्यात आले, तेव्हा 1824 मध्ये कमिंग मंडळींनी रीतसर परवाना घेतला. मुलगा लुइस 1872 मध्ये गेला आणि त्याची बायको एलिझाबेथ गादीवर आली. 1884 मध्ये तिनं शेजारी नवी भट्टी बांधायला काढली. जुनी तांब्याची भांडी विल्यम ग्रँट नावाच्या माणसाला सुमारे 120 पौंडांत विकली. त्यानं ती बसवून 1887 च्या नाताळाला पहिली धार काढली. त्या भट्टीला आज ग्लेनफिडिक म्हणतात. 1893 मध्ये एलिझाबेथनं कार्डू जॉन वॉकर अँड सन्सला 20,500 पौंडांना विकली, आणि तीही भट्टी चालवण्याचं काम घरातच राहील या अटीवर.

आता अशा बाईला प्रेमात पाडायचं म्हणजे तिच्या हिशेबाच्या वहीत आपण आपली शाई सांडायची. नको. ती कादंबरीत एकदाच दिसेल, क्रेगेलाकी स्थानकावर, पिंपांवरून ॲग्नेसशी घासाघीस करताना. हेलन 1874 पर्यंत जगली, नव्वदी केव्हाच ओलांडून. डंकन लहानपणी त्या लाल निशाणाच्या गोष्टी ऐकत वाढला असणार. अबकारी माणसाबद्दल त्याच्या मनात जो गुंता आहे, त्याचं मूळ मला इथे मिळालं.

23 जानेवारी

बँकेचं प्रकरण. दोन दिवस हेच वाचतेय आणि अंगावर येतंय.

2 ऑक्टोबर 1878 ला सिटी ऑफ ग्लासगो बँकेनं दरवाजे उघडलेच नाहीत. 133 शाखा, त्याच वर्षी 12 टक्के लाभांश जाहीर केलेला. आतून मात्र मोजक्या मर्जीतल्या पेढ्यांना वारेमाप कर्जं, आणि ताळेबंद धडधडीत खोटे. आपल्याकडे सहकारी बँक बुडाली की ठेवीदार रांगेत उभे राहतात. तिथे उलटं झालं. ठेवीदारांचे पैसे मिळाले, मेले ते भागधारक, कारण त्यांची जबाबदारी अमर्याद होती. बँकेचं देणं फिटेपर्यंत भागधारकाचं घर, शेत, चमचे, सगळं त्यात जायचं. 100 पौंडांच्या भागामागे आधी 500 पौंडांची मागणी आली, ती भरता भरता 2,250 ची. भागधारक होते 1,819. शेवटी दिवाळं न निघता उरले 254.

यादीत विधवा आणि अविवाहित बायका पुष्कळ. साहजिक आहे, घरात पुरुष नाही, तर पैसा "सुरक्षित" ठिकाणी ठेवा, असं वकील आणि पाद्रीच सांगायचे. दुसऱ्याच्या वतीनं भाग धरून ठेवणाऱ्या विश्वस्तांवरही वैयक्तिक जबाबदारी आली. तो खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि विश्वस्त हरले. संचालकांवर एडिनबरोच्या उच्च न्यायालयात खटला चालला, दोघांना 18 महिने, बाकीच्यांना 8. एका नेकलेसच्या चोरीला तेव्हा किती व्हायचे कोण जाणे.

ॲग्नेसकडे नवऱ्यानं ठेवलेले 200 पौंडांचे भाग आहेत. म्हणजे दोन्ही मागण्या मिळून 5,500 पौंड. तिच्या पेढीची किंमत मी 4,000 च्या आसपास धरली आहे. शेरी जाईल, क्लॅरेट (फ्रान्सची तांबडी वाइन) जाईल, घरातला पियानो जाईल. परिसमापकांची, म्हणजे बुडालेल्या बँकेची येणी वसूल करणाऱ्यांची, माणसं गोदामात मोजदाद करायला येतात आणि मागच्या भिंतीला लावलेली रिकामी पिंपं "सरपण" म्हणून एका ओळीत लिहून मोकळी होतात. ती ओळ ती वाचते आणि काही बोलत नाही. तिसरं प्रकरण इथे संपवायचं.

1 फेब्रुवारी

ताईंना वाटतं, बँक जास्त होतेय. "वाचक प्रेमासाठी येतोय गं, ताळेबंदासाठी नाही." त्यांना तिसरं प्रकरण पाठवलं. रात्री उशिरा एकच ओळ आली: "पियानो परत आण." आणणार नाही.

17 फेब्रुवारी

भट्टीचं प्रकरण. कारखाना समजावून देत बसायचं नाही, हे स्वतःला बजावून लिहायला घेतलं. ॲग्नेस पहिल्यांदा भट्टीत येते ती देणेकरी म्हणून, पाहुणी म्हणून नाही. तिच्या डोळ्यांना जे पैशाच्या भाषेत कळेल तेवढंच दिसू द्यायचं.

जव भिजवून दगडी फरशीवर पसरलेलं. मोड येताना ते तापतं, म्हणून गडी रात्रंदिवस लाकडी फावड्यानं उलथत राहतात. वर्षानुवर्षं हेच करून डंकनचा एक खांदा उतरला आहे. ती खांद्याकडे बघते आणि मनात मजुरीचा दर मांडते. (प्रेमकथेत नायकाचा उतरलेला खांदा चालेल का, असं विचारणाऱ्यांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघावं.) मग पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवण, भरड, गरम पाणी, लाकडी टाक्यांत दोन-तीन दिवस आंबणं. हे सगळं दीड पानात.

खरं थांबायचं ते पितळेच्या पेटीपाशी. तांब्याच्या दुसऱ्या भांड्यातून निघणारी धार काचेच्या, पितळी चौकटीच्या एका कपाटातून वाहते आणि त्या कपाटाची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असते. स्वतःच्या दारूला हात लावायची मुभा भट्टीवाल्याला नाही. बाहेरच्या मुठी फिरवून तो धार या भांड्यात की त्या भांड्यात एवढंच ठरवतो. पहिली धार जहाल, शेवटची जड आणि कुबट. मधली तेवढी ठेवायची. सावंतवाडीकडे काजूची भट्टी पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की इथे बोट बुडवून चाखता येत नाही. मग ओळखायचं कसं? पेटीतल्या पेटीत धारेत पाणी मिसळायचं. दुधी ढग उठला तर अजून वेळ आहे. पाणी निवळशंख राहिलं की मूठ फिरवायची.

तर प्रवेश असा: डंकन मुठीवर हात ठेवून उभा, ॲग्नेस त्याच्या शेजारी, अबकारी अधिकारी खुर्चीत पेपर वाचतोय. काचेत ढग. दोघंही ढगाकडे बघताहेत. ती म्हणते, "आता." तो आधीच मूठ फिरवायला लागलेला. बस. पहिल्या भेटीत याहून जास्त काही होणार नाही.

तिला हे कसं कळलं? ती नाकावर जगणारी बाई आहे. पिंपाची बूच काढून हुंगते आणि आत काय होतं, किती दिवस रिकामं आहे, कडेला आंबलंय का, हे सांगते. हे आधीच्या प्रकरणात पेरून ठेवायला हवं.

5 मार्च

मुखपृष्ठाचा कच्चा नमुना आला. डोंगर, नदी, आणि भट्टीवर तो पॅगोडासारखा निमुळता धुराडा. सुंदर आहे आणि काढावा लागणार. तसं छप्पर पहिल्यांदा चार्ल्स डॉइग यांनी डेल्यूएन भट्टीसाठी काढलं, 1889 मध्ये. आपली गोष्ट 1881 ला संपते. चित्रकार म्हणाले, "अहो, पण त्याशिवाय व्हिस्कीची भट्टी वाटणारच नाही लोकांना." त्यांना पुलाचा फोटो पाठवला: क्रेगेलाकीचा, अभियंता टेलफर्डचा ओतीव लोखंडाचा पूल, 1814 चा, दोन्ही टोकांना किल्ल्यासारखे बुरूज. आता ते खूश आहेत.

19 मार्च

कायदा. आज कादंबरीचा कणा सापडला, म्हणून ही नोंद लांबणार.

ताईंचा प्रश्न साधा होता: दोघं मोकळी आहेत, एकाच पंथाची आहेत, विधवेच्या लग्नाला तिथे कुणाची हरकत नाही. मग 300 पानं अडतंय कुठे?

अडतंय ते इथे. स्कॉटलंडमध्ये लग्न लागलं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची व्हायची. रोकड, माल, गिऱ्हाइकांकडची येणी. विधवा असेपर्यंत ॲग्नेस पेढीची मालक. "हो" म्हटल्याच्या क्षणी गोदामातलं प्रत्येक पिंप डंकनचं. 1877 च्या कायद्यानं थोडी फट पाडली होती: लग्नानंतर बायकोनं स्वतःच्या धंद्यात कमावलेलं तिचं. पण आधीचा साठा तिचा राहत नव्हता, आणि ॲग्नेसकडे साठ्याखेरीज आहेच काय? 1881 च्या कायद्यानं ही पद्धत मोडली, पण 18 जुलै 1881 नंतरच्या लग्नांसाठी. तेव्हाही मालमत्ता विकायला नवऱ्याची संमती लागायचीच. ते जोखड जायला 1920 उजाडलं.

आपल्याकडचा 1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आठवला. लग्नाला परवानगी दिली आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात सांगितलं, की पुन्हा लग्न केलंस तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तुझा हक्क संपला, जणू तू मेलीस. हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आजेसासूबाईंची जमीन अशीच गेली." हे कादंबरीत येणार नाही, पण त्या आता कायदा कमी कर म्हणणार नाहीत.

पळवाट होती. लग्नाआधी वकिलाकडे करारनामा करायचा, त्यात होणारा नवरा बायकोच्या मालमत्तेवरचा मालकीहक्क आणि व्यवस्थेचा हक्क दोन्ही सोडतो. बड्या घरांत हे सर्रास चालायचं, बाप मुलीसाठी करून घ्यायचे. ॲग्नेसला बाप नाही. तिलाच मागावं लागणार, आणि ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्याकडे.

इथपर्यंत ठीक होतं. मग 1877 च्या कायद्याचं चौथं कलम वाचलं आणि उठून येरझाऱ्या घातल्या. पूर्वी बायकोची लग्नाआधीची कर्जं नवऱ्याच्या डोक्यावर यायची. या कलमानं ती मर्यादित केली: बायकोकडून जेवढं मिळालं, तेवढ्यापुरतंच देणं. ॲग्नेसच्या मानेवर बँकेचं देणं हप्त्यांनी अजून चालूच आहे. म्हणजे डंकननं पिंपं घेतली तर त्या किमतीपुरतं बँकेचं देणंही घेतलं. आणि हक्क सोडला तर? काहीच मिळालं नाही, म्हणून काहीच देणं नाही. ज्या सहीनं तो तिच्यासाठी सगळं सोडतो, त्याच सहीनं तो स्वतःला तिच्या कर्जातून सोडवतो.

आता वकील हे दोघांसमोर समजावून सांगतो. डंकन लगेच म्हणतो, "करतो सही." आणि ॲग्नेसला कायमचं कळेनासं होतं, की ही सही कशाची आहे.

हा प्रश्न संवादानं सोडवायचा नाही. "मी तुझ्यासाठीच केलं" असं वाक्य डंकनच्या तोंडी आलं की कादंबरी मेली.

8 एप्रिल

प्रवासाचं वेळापत्रक. फोर्थच्या खाडीवर पूल यायला 1890 उजाडेल, तोवर ग्रँटनहून बर्नटायलँडला बोट, मग फाइफमधून आगगाडी. टे नदीवरचा पूल 1878 मध्ये उघडला आणि 28 डिसेंबर 1879 च्या वादळात गाडीसकट नदीत गेला. सुमारे 75 माणसं. एकही वाचलं नाही. आदल्या जूनमध्ये राणी त्यावरून गेली होती आणि पूल बांधणाऱ्या टॉमस बाउच यांना "सर" करण्यात आलं होतं.

ताईंचं म्हणणं उघड होतं: डंकन त्या गाडीत असेल असं ॲग्नेसला वाटू दे. रात्रभर तारऑफिस. सकाळी तो दारात. मोहाचं आहे, नाकारत नाही. पण 28 डिसेंबर 1879 हा रविवार होता. डंकन फ्री चर्च या कडक ख्रिस्ती पंथाचा माणूस, रविवारी घोडासुद्धा जुंपत नाही. या अपघाताला शब्बाथ (रविवारची सक्तीची विश्रांती) मोडल्याची शिक्षा म्हणणारी प्रवचनं तेव्हा झाली होती. त्यामुळे ॲग्नेसला त्या रात्री काळजी वाटतच नाही, आणि मला तेच जास्त आवडलं. या माणसाबद्दल आपल्याला इतकी खात्री आहे, हे तिला बातमी वाचताना कळतं. ज्या हेकटपणाला ती हसायची, त्यानंच तिला शांत झोप दिली. पुढच्या सोमवारी ती पिंपं पर्थमार्गे पाठवायला सांगते. तो मार्ग लांबचा, भाडंही जास्त.

24 एप्रिल

पत्रांचं प्रकरण. 1879 भर दोघं फारशी भेटत नाहीत, फक्त व्यापारी पत्रव्यवहार. सुरुवातीचा मसुदा इथे उतरवून ठेवते:

"महोदया, आपली 12 पिंपं पोचली. 11 उत्तम आहेत. बाराव्याला आंबट वास आहे. परत पाठवू की सरपणाला घेऊ?"

"महाशय, बारावं मीही हुंगलं होतं. आपल्या लक्षात येतं का, एवढंच पाहायचं होतं. हिशेब 11 चा धरावा. जाळू नका, पागोळीखाली ठेवा, घोड्यांच्या पाण्याला होईल."

"महोदया, पागोळीखाली ठेवलं आहे. घोडा त्यातलं पाणी पीत नाही. त्यालाही वास येत असावा. पुढच्या खेपेला आपण मुद्दाम कोणतं वाईट पिंप पाठवणार आहात ते कळवू नये."

तिसऱ्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहिलं आणि डंकन कोण आहे ते मला कळलं. वर्षभर हे असंच चालू द्यायचं: दर खेपेत एक फसवं पिंप, आणि त्यानं ते ओळखायचं. एका खेपेत सगळी चांगली निघतात तेव्हा तो घाबरतो आणि तार करतो.

12 मे

उन्हाळा 1880. ओढ्यांचं पाणी आटलं की भट्ट्या बंद ठेवायच्या, गडी शेतीला जायचे. भांडी घासायची, डागडुजी करायची. यंत्रं थांबल्यावर त्या इमारतीत जे ऐकू येतं त्यावर पानभर लिहिलं आणि निम्मं खोडलं. ॲग्नेस दोन आठवडे गावात खोली घेऊन राहते. ती आता काळे कपडे सोडून करड्या रंगावर आली आहे. गोदामात दोघं मिळून पिंपं मोजतात. दरवर्षी साधारण दोन टक्के दारू लाकडातून उडून जाते. तिथे तिला देवदूतांचा वाटा म्हणतात आणि अबकारी खातं तो वाटा डोळे वटारून मान्य करतं. शरीराचं जे काही आहे ते याच प्रकरणात, याच गोदामात, एका परिच्छेदात. ताई म्हणतात, दोन परिच्छेद कर. या बाबतीत त्या बरोबर आहेत.

30 मे

करारनाम्याचा प्रवेश, मार्च 1881, एडिनबरो.

स्कॉटिश दस्तांत बाईचं माहेरचं आडनाव कधी पुसलं जात नाही; माहेरचं, मग "किंवा", मग सासरचं. वकिलाचा कारकून ते मोठ्यानं वाचतो तेव्हा डंकन पहिल्यांदा तिच्या बापाचं आडनाव ऐकतो. अडीच वर्षांच्या पत्रव्यवहारात ते कधी आलंच नव्हतं.

वकील म्हणतो, संसदेत विधेयक आहे, काही महिने थांबाल तर निम्मं काम कायदाच करेल. ताईंनी इथे समासात लिहिलंय: "मग थांबत का नाहीत?" कारण ॲग्नेसला तो हक्क त्यानं सोडलेला हवा आहे, कायद्यानं सुटलेला नको. जुलैनंतर ते कुणीही सोडू शकेल. डंकन सही करतो. पेन खरखरतं. ती त्याच्याकडे बघत नाही, टाकाखाली पसरणाऱ्या शाईकडे बघते. आणि तिचा संशय जात नाही, कारण चौथं कलम तिला पाठ आहे. बाहेर पडल्यावर दोघं बाजारभावाबद्दल बोलतात. 1860 च्या कायद्यानं माल्टची (मोड आलेल्या जवाची) आणि इतर धान्याची व्हिस्की मिसळायला वाट मोकळी केल्यापासून लीथचे मिश्रणवाले काय भाव देतात. फ्रान्समध्ये फायलोक्सेरा या किडीनं द्राक्षवेली खाल्ल्यापासून इंग्लंडात ब्रँडी कशी मिळेनाशी झाली आहे. हे बोलणं नीट जमलंय, कारण दोघंही भलतंच काहीतरी बोलू पाहताहेत.

9 जून

लग्न. किल्ट नाही, पाद्री नाही. स्कॉटलंडात तेव्हा दोन साक्षीदारांसमोर "आम्ही नवरा-बायको आहोत" एवढं म्हटलं की कायद्यानं लग्न लागायचं. ही सोय 1940 पर्यंत होती. 1856 पासून एकच अट, दोघांपैकी एकजण आधीचे 21 दिवस तरी स्कॉटलंडात राहिलेला हवा. शनिवार, 2 एप्रिल 1881, पिंपांच्या गोदामात. साक्षीदार एक पिंपं बांधणारा म्हातारा आणि दुसरा अबकारी अधिकारी. गोदामाला त्याचंही कुलूप असतं, त्यामुळे त्याच्याशिवाय आत जाताच येत नाही. हे वाचून ताई हसल्या. फ्री चर्चचा डंकन पाद्र्याशिवाय लग्न कसा करतो, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. आधीच्या प्रकरणात पाद्री पिंपांच्या धंद्यावरून दोघांना बोल लावतो, तो प्रसंग लांबवायला हवा.

21 जून

शेवट लागला.

रविवार, 3 एप्रिल 1881 ला शिरगणती होती. घरोघर छापील तक्ता आधी दिलेला असायचा, कुटुंबप्रमुखानं भरून ठेवायचा, गणना करणारा सोमवारी येऊन घेऊन जायचा. म्हणजे लग्नाच्या दुसऱ्याच रात्री डंकनपुढे तो कागद आहे. नाव, नातं, वय, जन्मगाव, धंदा. बायकांच्या नावापुढे धंद्याचा रकाना बहुधा कोरा राहायचा, नाहीतर "शेतकऱ्याची बायको", "लोहाराची बायको" असं असायचं. डंकन स्वतःपुढे "भट्टीचालक" लिहितो. तिच्या ओळीवर येतो. नातं: पत्नी. वय तो विचारतो. ती दोन वर्षं कमी सांगते. तो पत्रांतल्या तारखांवरून हिशेब मांडून खरं लिहितो. धंद्याच्या रकान्यात त्यानं काही विचारलं नाही. लिहिलं: "वाइन व पिंपांची व्यापारी, लीथ." कुणी मागितलेलं नाही, कुणाचं देणं त्यानं टळत नाही, कुणाला काही मिळतही नाही.

ॲग्नेस ते सोमवारी सकाळी वाचते, गणना करणारा दारात उभा असताना. तिनं काय म्हणावं यावर अडले होते. ती म्हणते, "पिंपांची आधी लिही. वाइन आता कुठे उरलीय?"

26 जून

पूर्ण खर्डा ताईंना गेला. त्यांचे शेरे: बँक आणखी पाच पानं कमी (तीन करते), उन्हाळ्याचं प्रकरण उत्तम, एलिझाबेथ कमिंगचा प्रवेश फारच लहान. तो लहानच राहील.

माझ्याकडचं उरलेलं काम: ॲग्नेसचं नाक दुसऱ्या प्रकरणात पेरणं, पाद्र्याचा प्रसंग, भट्टीतल्या गड्यांना दिवसातून मिळणारा नव्या दारूचा पेला आणि तांब्याच्या नळीत लपवून नेलेली चोरीची दारू, यांतलं एक तरी कुठेतरी बसवणं, 11 आणि 12 पिंपांची बेरीज सहाव्या आणि नवव्या प्रकरणात जुळते का ते पाहणं. चित्रकारांना कळवायचंय की पूल छान आलाय, पण बुरुजावर झेंडा नको.